सोलंगचा उतार : दोन हिवाळे आणि मधले महिने

मनालीजवळच्या सोलंग खोऱ्यात मी पहिल्यांदा पायांत स्की, म्हणजे बर्फावरून घसरण्याच्या लांब पट्ट्या, चढवल्या तेव्हा मला 46 वे वर्ष लागले होते. त्याआधी मनालीला माझ्या दोन फेऱ्या झाल्या होत्या, एक लग्नानंतर लगेच आणि दुसरी मुलगी चौथीत असताना. दोन्ही वेळी मुंबईहून जाणारी बहुतेक कुटुंबे जे करतात तेच आम्ही केले होते. रस्त्याकडेच्या दुकानातून भाड्याने घेतलेले अंगभर कोट आणि गमबूट घालून तासभर बर्फावर वावरलो, फोटो काढले, मॅगी खाल्ली आणि दुपारी मॉल रोडवर शाली पाहायला परतलो. दुसऱ्या फेरीत मात्र एक दृश्य माझ्या मनात घर करून राहिले. आम्ही उभे होतो त्याच उतारावरून गावातली आठ-दहा वर्षांची चार मुले स्कीवरून वळणे घेत एकामागून एक खाली आली, थांबली, स्की खांद्यावर टाकल्या आणि काही न बोलता पुन्हा वर चढू लागली. घरामागच्या अंगणात खेळावे तशी ती तिथे खेळत होती. आपल्यालाही हे यायला हवे, असे मला त्या दिवशी तीव्रतेने वाटले, पण नोकरी, संसार आणि सासूबाईंचे आजारपण यांतून वाट काढता काढता मध्ये बारा वर्षे गेली.

2022 च्या ऑगस्टमध्ये मी ठरवले की पुढच्या जानेवारीत स्कीइंगच्या प्राथमिक अभ्यासक्रमाला बसायचेच. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला माझा भाचा सोबत यायला तयार झाला. अभ्यासक्रम 14 दिवसांचा होता आणि त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागत होते. आमच्या डॉक्टरांनी रक्तदाब, रक्त आणि ईसीजी तपासून सही केली, पण सही करता करता एक गोष्ट बजावली. चढण्याने दम लागतो, गुडघे मात्र उतरण्याने जातात, तेव्हा उतरण्याचा सराव करा, असे त्यांनी सांगितले. बोरिवलीला आमची इमारत सात मजली आहे. त्या दिवसापासून मी लिफ्टने वर जायची आणि जिन्याने, प्रत्येक पायरीवर क्षणभर थांबत, खाली यायची. सुरुवातीला दिवसातून दोनदा, दिवाळीपर्यंत पाच वेळा. रविवारी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून कान्हेरीपर्यंतचा सुमारे 6 किलोमीटरचा रस्ता पायी जाणे आणि लेण्यांच्या पायऱ्या उतरणे हा नेम झाला.

तिसरा सराव मला लोकलमध्ये सापडला. कार्यालयात लवकर पोहोचण्यासाठी मी पहाटेनंतरची धीमी गाडी धरते आणि तेव्हा महिलांच्या डब्यात उभे राहायला ऐसपैस जागा असते. कशालाही न धरता, गुडघे किंचित वाकवून, नडग्या पुढे झुकवून आणि वजन तळपायाच्या पुढच्या भागावर ठेवून उभे राहायचे आणि गाडी रुळ बदलताना बसणारा हिसका फक्त गुडघ्यांत जिरवायचा. स्कीवर उभे राहण्याची पद्धत जवळजवळ हीच आहे, हे मला पुढे सोलंगला कळले. तिथल्या प्रशिक्षकांनी, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, पहिल्याच दिवशी मला विचारले की याआधी कधी स्की केली आहे का, तेव्हा मी त्यांना आमच्या गाडीबद्दल सांगितले.

कपड्यांच्या बाबतीत मुंबईचा माणूस हमखास एक चूक करतो, ती म्हणजे सुती कपड्यांचे थरावर थर चढवणे. सुती कापड घाम शोषते, ओले राहते आणि थांबलो की अंग गारठवते. अंगालगत घाम बाहेर टाकणारा कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरीचा थर, त्यावर ऊब धरणारा थर आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारा थर, एवढेच पुरते. पायांत लोकरीच्या मोज्यांचा एकच जोड हवा, कारण दोन जोड घातले की बुटात पाय दाबला जातो, रक्त फिरत नाही आणि बोटे उलट अधिक गार पडतात. आणखी एक काम मी कागदावर केले. माझ्या नेहमीच्या विमा पॉलिसीतली बारीक अक्षरे वाचली, तेव्हा साहसी खेळांत झालेली इजा तीत वगळलेली आढळली, म्हणून ती जोखीम धरणारी वेगळी पॉलिसी घेतली. पुढे ती कामी आली.

मुंबईत आजवर नोंदले गेलेले सर्वांत कमी तापमान 7.4 अंश सेल्सिअस आहे आणि तेही जानेवारी 1962 चे. दिल्लीहून रात्रभर बसने प्रवास करून आम्ही मनालीला उतरलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि पारा शून्याखाली होता. मनाली 2,050 मीटर उंचीवर बियास नदीच्या काठी आहे. सोलंग तिथून साधारण 13 किलोमीटर वर, 2,500 मीटरच्या आसपास येते. आमची राहण्याची सोय वाटेतल्या बुरुआ गावात एका घरी केलेली होती. याच गावची आँचल ठाकूर 2018 मध्ये तुर्कस्तानातल्या स्पर्धेत कांस्यपदक जिंकून स्कीइंगमध्ये आंतरराष्ट्रीय पदक मिळवणारी पहिली भारतीय ठरली. जवळच्याच वशिष्ठ गावचा शिव केशवन ल्यूज या, म्हणजे बर्फाच्या घसरमार्गावरून घसरगाडीवर उताणे झोपून उतरण्याच्या खेळात सहा हिवाळी ऑलिंपिक खेळला. मनालीच्या आलेओ भागातली पर्वतारोहण संस्था 1961 पासून चालू आहे आणि आमचे उस्ताद तिथेच शिकून तयार झालेले होते. या खोऱ्यात हा खेळ पर्यटकांच्या आधीपासून आहे, हे मला तिथे राहिल्यावरच उमगले.

घरात पाऊल ठेवले तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट समजली. मकर संक्रांतीपासून 42 दिवस गोशाल आणि आसपासच्या गावांतले देव स्वर्गात गेलेले असतात अशी श्रद्धा आहे, आणि ते परत येईपर्यंत गावात मोठा आवाज करायचा नाही, मंदिरातली घंटा वाजवायची नाही, टीव्ही-रेडिओ लावायचा नाही, शेतात माती उकरायची नाही. मी मुंबईहून तिळाच्या वड्यांचा डबा नेला होता. घरच्या बाईंच्या हातावर वडी ठेवून आपल्याकडे यावेळी काय म्हणतात ते मी त्यांना हिंदीत सांगितले, तेव्हा त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "हमारे यहाँ भी दीदी, इन दिनों धीरे बोलते हैं।" पुढचे दोन आठवडे आम्ही सगळे तसेच बोललो. संध्याकाळी तंदूरभोवती, म्हणजे लाकडावर पेटणाऱ्या पत्र्याच्या शेगडीभोवती बसून तुपात बुडवलेला सिड्डू, म्हणजे कणकेची वाफवलेली जाड रोटी, खाताना बाहेर देवदारावरून घसरणाऱ्या बर्फाचा धप्प असा आवाज तेवढा ऐकू यायचा.

पहिले दोन दिवस सपाटीवरच गेले. स्कीचा बूट म्हणजे कडक प्लास्टिकचा, चार कड्यांनी आवळायचा, एकेक दीड-दोन किलोंचा साचा असतो आणि तो घालून चालताना टाच आधी टेकावी लागते. बूट आणि स्की यांना जोडणारा खटका म्हणजे बाइंडिंग. उस्तादांनी प्रत्येकाचे वजन, उंची आणि वय विचारले, बुटाच्या तळव्याची लांबी पाहिली आणि छोट्या पेचकसाने बाइंडिंगचा दाब बसवला. पडताना पायावर ठरावीक मर्यादेपलीकडे पीळ आला की हा खटका आपोआप सुटून बूट मोकळा व्हायला हवा. तो फार सैल असेल तर चालता चालता स्की निघते, फार घट्ट असेल तर सुटतच नाही आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. हे त्यांनी दोनदा समजावून सांगितले आणि मी वहीत लिहूनही घेतले.

मग पडायला शिकलो. बाजूला, नितंबावर पडायचे, हात मागे टेकायचे नाहीत, आणि उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करून मगच वजन उचलायचे. त्यानंतर चढणे. आमच्या उतारावर शिकणाऱ्यांसाठी लिफ्ट नव्हती, त्यामुळे जेवढे घसरायचे तेवढे आधी पायांनी चढायचे. उताराला आडवे उभे राहून जिना चढल्यासारखे एकेक पाऊल वर टाकायचे, याला साइडस्टेप म्हणतात. तोंड वर करून स्कीची पुढची टोके फाकवून चढले की मागे माशाच्या काट्यासारखी नक्षी उमटते, ते हेरिंगबोन. सहा तासांच्या सरावात माझे पाच तास चढण्यात जायचे. भाचा पहिल्या आठवड्यात याला कंटाळला होता. मला मात्र हळूहळू त्यात रस वाटू लागला, कारण साइडस्टेप करताना स्कीची वरची कडा बर्फात रुतते की नाही हे पावलागणिक कळते आणि खाली येताना सगळा भरवसा याच कडेवर असतो.

खाली येताना पहिली शिकवण स्नोप्लाऊची. स्कीची पुढची टोके जवळ, मागची लांब, असा कौलारू छपरासारखा कोन करायचा आणि आतल्या कडांवर दाब देऊन वेग रोखायचा. कोन जितका रुंद तितका वेग कमी. ऐकायला हे सोपे आहे, पण खाली पाहिले की शरीर आपोआप मागे रेलते, आणि मागे रेलले की स्कीच्या पुढच्या टोकांवरचे वजन उठते आणि त्या मन मानेल तशा पळतात. उस्ताद खालून ओरडत नसत, ते जवळ येऊन सांगत, "दीदी, पहाड से डरके पीछे मत बैठो, घाटी की तरफ झुको." भीतीने मागे जाणारे अंग जाणीवपूर्वक दरीकडे झुकवायचे, या एका गोष्टीशी मी चार दिवस झगडले. पाचव्या दिवशी दुपारी, ऊन उतरून बर्फाचा वरचा थर जरा कडक व्हायला लागला असताना, बुटाची जीभ दोन्ही नडग्यांना सारखी टोचते आहे असे जाणवले आणि स्की एकदम ताब्यात आल्या. तो टोचण्याचा बिंदू मला आजही आठवतो, नडगीवर गुडघ्याखाली साधारण वीतभर.

त्या उतारावर मधोमध एक खोलगट पट्टा होता. वरून तो दिसायचा नाही, पण तिथे पोहोचले की स्की दबायच्या आणि मी पडायची. भाचा म्हणायचा, "मावशी, तू तिथे कोणाला तरी भेटायला जातेस." मी उस्तादांना विचारले तर ते इतकेच म्हणाले की गर्मीमध्ये येऊन बघा.

दहाव्या दिवशी सुट्टी होती. रात्रभर बर्फ पडून सकाळी लख्ख ऊन पडले होते आणि आम्हाला घरी बसवेना. अभ्यासक्रमाचे साहित्य कुलपात असल्यामुळे रस्त्यावरच्या एका दुकानातून आम्ही स्की आणि बूट भाड्याने घेतले. दुकानातल्या मुलाने फक्त बुटाचा नंबर विचारला. वजन विचारले नाही, उंची विचारली नाही, बाइंडिंगकडे पाहिलेही नाही, आणि ज्या बाईने आठवड्यापूर्वी हे सगळे वहीत लिहून घेतले होते तिनेही विचारले नाही. त्याच खोलगट पट्ट्यात उजवी स्की ताज्या बर्फात रुतली, अंग पुढे गेले आणि खटका सुटला नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूला कापड फाटावे तसे काहीतरी झाले. भाच्याने बूट काढला, उस्तादांना फोन केला आणि ते पंधरा मिनिटांत आले. त्यांनी बाइंडिंगवरचा आकडा पाहिला. तो माझ्यापेक्षा कितीतरी जड आणि चांगली स्की येणाऱ्या माणसासाठीचा होता. ते त्यावर काही बोलले नाहीत. नंतर मी दुकानात जाऊन सारे सांगितले, पण तिथल्या मालकाला त्यात काही विशेष वाटले नाही, याचे मला वाईट वाटले आणि आजही वाटते, कारण त्या दुकानातून रोज पन्नास जण तसेच साहित्य घेऊन जात असणार.

गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधाला ताण बसला होता, तो तुटला नव्हता. स्नोप्लाऊ करणाऱ्या नवशिक्यांमध्ये ही इजा नेहमीची आहे, असे मुंबईतल्या डॉक्टरांनी सांगितले. सहा आठवडे गुडघ्याला पट्टा, मग भौतिकोपचार. भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखे अधांतरी बसणे, एका पायावर पायरी उतरणे, डोळे मिटून एका पायावर उभे राहणे. एप्रिलमध्ये मी पुन्हा कान्हेरीच्या पायऱ्या उतरले आणि मे महिन्यात डॉक्टरांनी डोंगरात चालायला परवानगी दिली. प्रमाणपत्र मिळाले नव्हते, शेवटचे चार दिवस बुडाले होते. पण माझ्या डोक्यात तो खोलगट पट्टाच होता.

2023 च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात मी एकटीच परत गेले. त्या दिवसांत मनालीत आपल्या लोकांची इतकी गर्दी असते की सोलंगच्या रस्त्यावर चहाच्या टपरीवर मला ठाणे, डोंबिवली आणि पुणे या तिन्हींकडचे मराठी एकाच वेळी ऐकू आले. हिवाळ्यात ज्या पायथ्याशी आम्ही स्की ओळीने मांडून ठेवायचो तिथे घोडे उभे होते, मोठमोठे पारदर्शक फुगे माणसांना पोटात घेऊन गडगडत होते आणि वरून पॅराग्लायडर गिरक्या घेत उतरत होते. हे सगळे पाहून सुरुवातीला माझे मन खट्टू झाले. पण पायथ्यापासून शंभर पावले वर गेले की गर्दी संपते. तिथून पुढे उतारावर घोट्यापर्यंत गवत होते, त्यात पिवळी आणि निळसर बारीक फुले, आणि मधून वाहणारा एक ओहोळ.

तो ओहोळ म्हणजेच माझा खोलगट पट्टा. हातभर रुंद, गुडघाभर खोल, दोन्ही काठांना गोल गुळगुळीत धोंडे. हिवाळ्यात त्यावर बर्फ साठते, पण खालून पाणी वाहत असल्याने तिथला थर आतून पोकळ आणि मऊ राहतो, म्हणून स्की दबायच्या. त्याच्या डाव्या अंगाला, पंधरा-वीस पावलांवर, टेबलासारखा एक सपाट खडक होता. त्यावर बसून मी घरच्या बाईंनी दिलेला डबा उघडला. रोटीत गुंडाळलेली राजम्याची कोरडी भाजी होती. समोर हनुमान टिब्ब्याचे शिखर, खाली देवदारांची काळपट हिरवी रांग. तास-दीड तास मी त्या उताराकडे पाहत बसले आणि वहीत त्याचा नकाशा काढला. धोंडे कुठे, ओहोळ कुठे वळतो, कुठे चढ एकदम उभा होतो, कुठे सपाटी येते. बर्फाखाली जे झाकलेले होते आणि ज्याची मला निव्वळ पायांतून भीती वाटली होती ते सगळे उघडे होऊन समोर पसरले होते.

तिथून पुढे धुंडी आणि बकरथाचमार्गे बियास कुंडापर्यंत दोन दिवसांत जाऊन आले. थाच म्हणजे कुरण. गद्दी मेंढपाळ उन्हाळ्यात आपले कळप घेऊन इथून वर सरकत जातात. बियास कुंड सुमारे 3,700 मीटरवर आहे आणि जूनमध्येही वाटेत बर्फाचे पट्टे आडवे येतात. त्या पट्ट्यांवरून तिरके उतरताना बुटाची कडा रुतवून चालायचे, तेव्हा साइडस्टेपमध्ये शिकलेले सगळे उपयोगी पडले. आमच्या वाटाड्याने वर एका बर्फाच्या पट्ट्यावरून नुसत्या बुटांवर उभ्याने घसरून दाखवले आणि मलाही करायला लावले. दहा-पंधरा फूटच, पण स्की नसताना तोच तोल, तेच दरीकडे झुकणे. गुडघा दुखला नाही.

मी परतले आणि महिन्याभरात, 9 आणि 10 जुलैला, बियासला पूर आला. मुंबईत बसून मी बातम्यांत पाहत होते की कुल्लू आणि मनालीच्या मधला महामार्ग ठिकठिकाणी नदीत कोसळला आहे, पूल वाहून गेले आहेत. तीन दिवस बुरुआला फोन लागला नाही. चौथ्या दिवशी लागला, घर सुखरूप होते, पण वीज नव्हती आणि रस्ता तुटला होता. त्या खोऱ्यात 15 जुलै ते 15 सप्टेंबर या काळात पॅराग्लायडिंग आणि राफ्टिंग बंदच ठेवतात, त्या वर्षी मात्र त्याआधीच सारे थांबले.

ऑक्टोबरमध्ये गेले तेव्हा आमची बस नग्गरच्या बाजूने, डाव्या तीरावरच्या अरुंद रस्त्याने मनालीत पोहोचली. पलीकडच्या तीरावर नदीने कापलेले काठ आणि खोलीएवढे धोंडे दिसत होते. त्यावर मी जास्त लिहीत नाही, कारण ज्यांची घरे गेली त्यांनीच ते लिहावे. हवा मात्र वर्षातली सर्वांत स्वच्छ होती, गर्दी नव्हती, सफरचंदे उतरवून झाली होती आणि बागांतली पाने पिवळी पडली होती. त्या आठवड्यात मी अटल बोगद्यातून, 9.02 किलोमीटरचा तो बोगदा पार करून, लाहौलमधल्या सिस्सूला गेले आणि एका दिवशी कोठी गावापासून मनालीपर्यंत सायकलने उतरले. सायकलने मला एक महत्त्वाची गोष्ट शिकवली. वळणावर चाकाकडे पाहिले की चाक डगमगते, वळण संपते तिथे पाहिले की सायकल आपोआप तिकडे जाते. स्कीवर मी कायम टोकांकडे पाहत असे.

2024 चा जानेवारी हिमाचलात जवळजवळ कोरडा गेला. पश्चिमी झंझावात आले नाहीत, आणि त्या भागात हिवाळ्यातले बर्फ त्यांच्यामुळेच पडते. मी रोज हवामान खात्याचे अंदाज पाहत होते. संक्रांतीनंतर घरच्या बाईंना फोन केला तर त्या तशाच हलक्या आवाजात म्हणाल्या, सोलंगमध्ये धूळ उडते आहे. त्यांची काळजी माझ्यापेक्षा मोठी होती. सफरचंदाच्या झाडाला बहर धरण्यासाठी हिवाळ्यात हजाराहून अधिक तास थंडी लागते आणि मुळांना वितळत्या बर्फाचा ओलावा लागतो. माझा अभ्यासक्रम पुढे ढकलला गेला, त्यांचे वर्ष पणाला लागले होते. जानेवारीच्या अगदी शेवटी हवामान फिरले आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरपूर बर्फ पडले. त्यांनी मला अंगणाचा फोटो पाठवला, त्यात कुंपणाचे खांब अर्धे बुडालेले होते.

मी फेब्रुवारीच्या मध्याला पोहोचले. अभ्यासक्रम पहिल्या दिवसापासून पुन्हा केला. बाइंडिंगचा दाब उस्तादांनी बसवल्यावर मी स्वतः वाकून आकडा वाचला. चौथ्या दिवसापर्यंत स्नोप्लाऊची वळणे येऊ लागली, सातव्या दिवशी स्टेम टर्न, म्हणजे वळण सुरू करताना फक्त बाहेरची स्की कोनात ढकलायची आणि वळण पुरे होताना आतली तिच्याशी समांतर आणायची. भाचा या वेळी नव्हता, त्याला नोकरी लागली होती.

अकराव्या दिवशी सकाळी मी उताराच्या माथ्यावर उभी राहिले. सगळे पांढरे होते, एकही खूण दिसत नव्हती. पण हनुमान टिब्ब्याच्या रेषेवरून आणि खालच्या देवदारांच्या रांगेतल्या एका तुटलेल्या शेंड्यावरून मला ओहोळ कुठे असणार ते कळत होते. पहिले वळण उजवीकडे घेतले, दुसरे डावीकडे. नजर टोकांवर न ठेवता वळण संपणार तिथे ठेवली. ओहोळाच्या अलीकडे वजन बाहेरच्या पायावर दिले आणि पट्टा उजव्या हाताला ठेवून खाली आले. ज्या जागेवरून तिसरे वळण घेतले तिथे बर्फाखाली, साधारण माझ्या कंबरेएवढ्या खोलीवर, जूनमध्ये मी डबा उघडून बसले होते तो खडक होता. पायथ्याशी थांबून मागे पाहिले तर तीन वळणांची रेघ उमटलेली दिसत होती. उस्तादांनी वरून पोल, म्हणजे हातातली स्कीची काठी, उंचावला. मी स्की आडव्या केल्या आणि साइडस्टेपने पुन्हा वर चढू लागले.